कुकरच्या डब्यातला उजेड

"अहो, कुकरचे डबे कुठेयत?"

मी डाळ धुऊन हातात घेऊन उभी आणि कुकरमध्ये नुसतं पाणी. आमचे हे खिडकीपाशी पेपर अंथरून बसले होते. मांडीत माझा एक डबा, बाजूला दुसरा, हातात खालच्या मजल्यावरून मागून आणलेलं ड्रिल. मी बघतेय तोवर डब्याच्या बुडाला घर्रकन एक भोक पडलंसुद्धा.

"तिसरा आहे ना," मान वर न करता हे म्हणाले. "भात त्यात लाव."

"आणि वरण?"

"आज वरण नको. चालेल."

चालेल. ह्या एका शब्दावर आमच्या ह्यांनी आख्खा जन्म काढला. आमटीत मीठ नाही, चालेल. बढती हाताखालच्याला मिळाली, चालेल. माझगावला गोदीत स्टोअरमध्ये कारकून होते. जहाजांचे पंप, दिवे, नटबोल्ट सगळं ह्यांच्या हातून गेलं, पण ह्यांनी ते फक्त मोजून दुसऱ्याच्या हवाली केलं. स्वतः एक स्क्रू पिळायची कधी पाळी आली नाही. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा वाडीतले बंद पडलेले टॉर्च, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायला घेतले. लोक कृतज्ञ वगैरे होते असं नाही. टाकून द्यायच्या ऐवजी काकांकडे द्यायचे, एवढंच. पण टॉर्च दुरुस्त करणं वेगळं आणि माझ्या कुकरच्या डब्यांचा टॉर्च करणं वेगळं.

तरी मी त्या दिवशी फार बोलले नाही. कारण आदल्या रविवारी ह्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा वेगळा शब्द निघाला होता आणि मी अजून त्याच धक्क्यात होते.

आमची माडाची वाडी गिरगावात आहे. माड आता एकही नाही. चार चाळी, मध्ये चौक, चौकात विहीर. विहिरीवर लोखंडी जाळी आणि भोवती दगडी कट्टा. वाडीतली भांडणं, लग्नं, गणपतीच्या वर्गण्या सगळं त्या कट्ट्यावर ठरायचं. आता वाडी पाडून टॉवर व्हायचाय. सह्या सगळ्यांनी केल्या, आम्हीही केल्या. निम्मी बिऱ्हाडं गेलीसुद्धा. आम्हाला अँटॉप हिलला भाड्याची जागा मिळालीय, सामान अर्धं बांधून झालंय. तर त्या रविवारी सेक्रेटरी हितेंद्रने मीटिंग घेतली आणि सांगितलं, की मशिनं यायचीत, त्यांना वाट हवी, म्हणून पुढच्या सोमवारी विहिरीत भराव टाकायला सुरुवात.

तेव्हा हे उठून उभे राहिले.

"हे चालणार नाही," म्हणाले.

मला वाटलं मागून कोणीतरी बोललं. मी वळून बघितलंसुद्धा.

"काय नाही चालणार काका?" हितेंद्र म्हणाला. पोरगा वाईट नाही, पण मोबाईलवरची नजर काढत नाही.

"विहिरीत कासव आहे."

हळूच कोणीतरी फिसकन हसलं.

"काका, बघितलंय कोणी? म्हणजे, रिसेंटली?"

तळमजल्यावरच्या शेवंतीबाई कोपऱ्यात खुर्चीवर होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या. मालवणहून लग्न होऊन आल्या त्या इथंच. त्या म्हणाल्या, "मी बघितलंय मा. आमचे हे होते तेव्हा. पण आता असतला की नाय, कोण जाणे."

"ते मी आणलंय," हे म्हणाले. "आठ वर्षांचा होतो. राजापूरला मामांच्या तळ्यातलं. कडबोळ्यांच्या डब्यातून आणलं. आईला कडबोळीच वाटली."

आता मात्र लोक उघड हसले.

"बरं, असलं तरी ते तेच कशावरून?" कोणीतरी विचारलं.

"त्याच्यावर माझं नाव आहे."

झालं. हसण्याला बांध राहिला नाही. मी मान खाली घालून साडीची निरी बघत बसले.

पण यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे आमच्या वाडीतल्यांना तरी कळायला हवं होतं. एका नळावर तीस बिऱ्हाडं पाणी भरायची तेव्हाची गोष्ट. भांड्यावर नाव नसेल तर ते भांडं गेलंच. म्हणून लग्नसराईच्या आधी नाव घालणारा माणूस छिन्नी-हातोडी घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर येऊन बसायचा आणि वाडीभर टक टक टक चालायचं. तांब्यावर नाव, पातेल्यावर नाव, चमच्यावर देखील. मग आठ वर्षांच्या मुलाला वाटलं, आपल्या कासवावरही नाव हवं, नाहीतर दुसरं कोणी आपलं म्हणेल. नाव घालणाऱ्याने हसत हसत पाठीच्या कडेवर बारीक ठिपक्यांनी घालून दिलं आणि कासव विहिरीत सोडलं. कासवानं पाणी स्वच्छ राहतं असं तेव्हा सगळेच म्हणायचे. कोणी नको म्हणालं नाही.

बिल्डरचा इंजिनीयर वैभव तिथंच होता. तिशीतला, नीट बोलणारा. "सर, पाणी उपसून बघितलं असतं," तो म्हणाला, "पण झरे जिवंत आहेत, पंप लावून संपत नाही. आमचे टॉर्च पण मारून बघितले, तळ दिसत नाही. तुम्ही शनिवारपर्यंत दाखवा. दिसलं तर मी मशीन थांबवतो, प्राणिमित्रवाल्यांना बोलावतो. नाही दिसलं तर मात्र सोमवारी मला सुरू करावं लागेल."

"दाखवतो," हे म्हणाले.

जिना चढताना मी विचारलं, "अहो, खरंच आहे का ते?"

माझंही बरोबरच होतं. लग्न होऊन मी ह्या वाडीत आले तेव्हापासून 'आत्ताच वर आलं होतं, तू जरा उशिरा आलीस' हेच ऐकत आले. एकदाही दिसलं नाही. पुढेपुढे मला वाटायला लागलं होतं की नव्या नवरीला रमवायला ह्यांनी काहीतरी रचलं आणि मग तेच गळ्यात पडलं. रोज जेवायच्या आधी हे खाली जाऊन जाळीतून भाताची चार शितं टाकायचे. मी समजत होते, डासांसाठी मुन्सिपाल्टीनं सोडलेल्या गप्पी माशांना टाकतात.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "भात कोणाला टाकतो मग मी?"

दाराशी आल्यावर किल्ली शोधता शोधता हे म्हणाले, "तळ्यातून उचलून मी त्याला ह्या भोकात आणलं, सुनेत्रा. त्याला कोणी विचारलं नव्हतं. आता वरून माती टाकायची?"

किल्ली माझ्याच कमरेला होती, मी दार उघडलं.

सोमवारी हे लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. पिशवीतून एक पिवळी टिकली निघाली, विड्याच्या सुपारीएवढी. "ही?" मी म्हटलं. "ह्यानं विहिरीचा तळ दिसणार?"

"ही मोटारीच्या हेडलाइटला भारी पडेल," हे म्हणाले. त्या एलईडीच्या टिकलीला लागणारी वीज आमच्या यशोधनच्या जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून निघाली. बॅटरी फोडली, आतून बोटाएवढे सेल निघाले, ते ओळीनं जोडले. यशोधन बंगलोरला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बाबा, लिथियम आहे ते, जपून. पेट घेतं." हे म्हणाले, "चालेल." मी फोन हिसकावून घेऊन 'चालणार नाही, मी आहे समोर' असं सांगितलं.

कुकरचे डबे का, तर ते ॲल्युमिनियमचे. टिकलीची धग डब्याच्या पत्र्यात पसरेल म्हणून. दोन डबे पाठीला पाठ लावून बोल्टने आवळले. एकात टिकली, दुसऱ्यात सेल. टिकली आणि पत्रा यांच्यामध्ये टूथपेस्टसारखी एक पांढरी पेस्ट लावली. टिकलीच्या तोंडावर एक जाड भिंग बसवलं. हे सगळं करताना ह्यांच्या तोंडातून जीभ थोडी बाहेर यायची. आमच्या लग्नाच्या फोटोत हार घालताना तशीच आलीय. मी इतकी वर्षं तो फोटो लपवत होते.

मंगळवारी दुपारी खिडकी लावून घेतली आणि बटण दाबलं.

देवा रे. खोलीत सूर्य उगवल्यासारखं झालं. भिंतीचा रंग कुठे उडालाय, माळ्यावर कोळ्यांनी कुठे घर केलंय, ओट्याखाली मी कोणत्या कोपऱ्यात झाडू नीट फिरवत नाही, सगळं उघडं पडलं. "बंद करा, बंद करा," मी म्हटलं. हे मात्र लहान मुलासारखे हसत होते. आणि मग एकदम "हाय" करून त्यांनी तो डबा गादीवर टाकला. हात भाजला होता. मिनिटभरात पत्रा तव्यासारखा तापला होता.

"एक मिनिट चालतो," बोटांवर फुंकर घालत हे म्हणाले. "एक मिनिट पुरे आहे."

बुधवारी संध्याकाळी विहिरीवर नेला. बातमी आधीच पसरली होती, त्यामुळे जे वाडी सोडून गेलेत ते पण आलेले. वैभव आला. हितेंद्र मोबाईल धरून शूटिंगला तयार. ह्यांनी हातात माझ्या स्वैपाकघरातलं जाड फडकं गुंडाळलं, जाळीचं झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

उजेड पडला, फार पडला. पण पडला तो पाण्याच्या वरवरच. पाण्यावर एक पांढरा शुभ्र गोळा आणि भोवती शेवाळं. त्या गोळ्याच्या खाली काय आहे ते काही म्हणता काही दिसेना. सगळे वाकून वाकून बघत होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांत तोच उजेड परत येत होता. डोळे चोळून लोक मागे सरले.

"काका, ट्यूबलाइट दिसली," हितेंद्र म्हणाला. त्याला वाटलं विनोद केला.

एव्हाना डबा तापला. फडक्यातून देखील चटका बसला असणार, पण ह्यांनी सोडला नाही. शेवटी मीच पुढे होऊन बटण बंद केलं.

"सर, शनिवारपर्यंत वेळ आहे," वैभव हळूच म्हणाला. तो हसला नाही, हे मी त्याच्या नावावर लिहून ठेवलंय. बाकीच्यांचा मला असा राग आला होता, की कट्ट्यावरच्या एकेकाला उभं करून विचारावं, तुमचे मिक्सर, तुमच्या इस्त्र्या, तुमचे टॉर्च फुकटात कोणी नीट करून दिले? पण बोलले नाही. ह्यांचा हात धरला आणि वर आले.

घरी ह्यांनी डबा कोपऱ्यात ठेवला, हात धुतले, आरशात बघून केस सारखे केले. "नाही दिसत वरून," म्हणाले. "बघू. चालेल."

त्या 'चालेल'ला मात्र मला रडू आलं. मी पटकन ओट्याकडे तोंड केलं. भरल्या डोळ्यांनी दूध तापवलं आणि सवयीनं पातेलं परातीतल्या पाण्यात निवायला ठेवलं. ठेवलं आणि त्या परातीकडे बघतच राहिले.

"अहो, तो डबा तापतो म्हणून बंद करावा लागतो ना?"

"हं."

"मग दुधासारखा पाण्यात का नाही ठेवत? विहीरभर पाणी आहे की."

हे आरशापासून वळले. परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून त्या परातीसमोर बसले आणि बोटानं पाणी हलवत राहिले. मला वाटलं, बोटं भाजलीत म्हणून. पण ह्यांचं भलतंच चाललं होतं.

"उजेड वरून टाकला, तो पाण्यावर आपटून परत आला," हे हळूहळू म्हणाले. "पाण्याच्या आतच नेला तर आपटायला काही नाहीच. आणि तापणारही नाही." मग बोट सदऱ्याला पुसलं. मग, "सुनेत्रा, तुझ्या डोक्याला तोड नाही."

मी फक्त दुधाचं बोलले होते. पण श्रेय मिळतंय तर कशाला सोडा.

पुढचे दोन दिवस घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. दोन्ही डब्यांत पाण्याचा थेंब जाता कामा नये. बाहेरच्या टेबलाची जाड काच हे काचवाल्याकडून गोल कापून घेऊन आले. टेबल आता अँटॉप हिलला काचेशिवाय जाणार. कुकरची जुनी रिंग कापून काचेखाली बसवली, वर चिकट सिलिकॉन फासला, दुसऱ्या डब्याचं झाकण आणि बटणही तसंच बंद केलं. मग मोरीत बादली भरून डबा बुडवून ठेवला आणि आम्ही दोघं पाटावर बसून बुडबुडा येतो का बघत होतो. एक आला. काढला, पुसला, परत चिकटवला. परत बुडवला. नंतर नाही आला. बादलीतला तो उजेड मोरीच्या छताला लागून हलत होता आणि हे त्यात हात घालून म्हणाले, "बघ, गार आहे."

मी हात घातला. खरंच गार होता.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही खाली उतरलो. ह्या वेळी गर्दी कमी होती. एकदा हसून झालं की लोकांचं कुतूहल संपतं. वैभव होता, हितेंद्र होता, शेवंतीबाईंची खुर्ची तर कट्ट्यालाच होती. ह्यांनी काथ्याचा दोर डब्याला बांधला, बटण दाबलं आणि कळशी सोडावी तसा हळूहळू सोडला.

आणि तो तरंगला. दोन रिकामे डबे, आत हवा. बुडतील कशाला? पाण्यावर आडवा होऊन, विहिरीच्या भिंतीवर उजेड पाडत, डौलात फिरायला लागला.

हितेंद्रने तोंड वळवलं. त्याचे खांदे हलत होते.

मी वर गेले. जिना तीन मजल्यांचा, माझे गुडघे असे, पण त्या दिवशी कशी चढले मला ठाऊक नाही. सासूबाईंचा लोखंडी बत्ता बांधलेल्या सामानातून उपसला आणि सोलापुरी चादर घेतली. चादर अशासाठी की वरून आकाशाचा उजेड पाण्यावर पडत होता, त्यात खालचं दिसलं नसतं. एवढं मला त्या परातीनं शिकवलं होतं.

"बत्ता बांधा खाली," मी म्हटलं. ह्यांनी बांधला. या वेळी डबा सरळ खाली गेला. पाणी हिरवं झालं, मग आणखी खाली गेल्यावर फिकट पोपटी. दोर संपत आला तसा हाताला धक्का लागला. तळ लागला होता. ह्यांनी दोर वीतभर वर ओढून जाळीला बांधला. मग आम्ही कट्ट्यावर चादर पसरली आणि जुन्या काळच्या फोटोग्राफरसारखी दोघांनी खाली डोकी घातली.

मी तसं काही कधी बघितलं नव्हतं. आख्खी विहीर आतून उजळली होती. बांधकामाचे काळे दगड एकेक मोजता यावेत असे. गप्पी मासे ठिणग्यांसारखे इकडून तिकडे. आणि तळाला, गाळात अर्धवट रुतलेली भांडी. कळश्या, तांबे, दोन बादल्या, एक मोठा हंडा. दोर तुटून, हात सुटून, वाडीच्या किती पिढ्यांचं पडलं होतं कोण जाणे.

"भांडी आहेत," मी बाहेर सांगितलं.

मग काय, एकेकजण चादरीखाली डोकं घालायला लागला. शेवंतीबाईंना दोघींनी धरून आणलं. त्या बराच वेळ बघत होत्या. "तो हंडो माजो," त्या म्हणाल्या. "लग्नात बापाशीन दिलेलो. पडलो त्या दिवशी सासूक सांगूक भिया वाटला होता. अजून तसोच हा." बाहेर आल्या तेव्हा पदरानं डोळे टिपत होत्या, पण चेहरा हसरा होता. हितेंद्रनेही डोकं घातलं. बाहेर आला तेव्हा मोबाईल खिशात टाकला होता. "काका," तो म्हणाला, आणि परत चादरीखाली वाकला.

पण कासव नव्हतं.

अर्धा तास गेला, तास गेला. लोक पुन्हा पांगले. वैभवनं घड्याळ बघितलं नाही, पण त्याचा फोन वाजत होता आणि तो बाजूला जाऊन "हो सर, सोमवारी" म्हणत होता. हे चादरीखाली होते. चष्म्यावर वाफ धरायची, ते बाहेर यायचे, पुसायचे, परत आत जायचे. बाहेर येताना माझ्याकडे बघायचे नाहीत.

मला तेव्हा वाटलं, नसू दे कासव, पण ह्या माणसाला खोटं ठरवू नको. कोणाला म्हटलं ते माहीत नाही. विहिरीलाच म्हटलं असेन. मी परत त्यांच्या शेजारी चादरीखाली डोकं घातलं.

उजेड तसाच होता, स्थिर. शेवंतीबाईंच्या हंड्याशेजारी गाळाचा एक ढग उठला. मला वाटलं मासा असेल. मग हंड्याच्या आडून एक पाय बाहेर आला. जाडा, काळा, नखं असलेला. मग दुसरा. मग ताटाएवढी पाठ हळूहळू उजेडात सरकली आणि थांबली. मान बाहेर आली. ते वर बघत होतं, आमच्याकडे की उजेडाकडे ते कळत नव्हतं.

"अहो," मी म्हटलं. "अहो, हंड्याच्या डाव्या हाताला."

ह्यांच्या काचेवर वाफ होती. त्यांनी चष्मा काढला आणि तसेच बघत राहिले. चष्म्याशिवाय ह्यांना किती दिसलं असेल देव जाणे. "दिसलं तुला?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"नक्की?"

"मान वर करून बघतंय."

त्या चादरीच्या अंधारात ह्यांनी माझा हात धरला. जन्मभर उशिरा येणारी मी, ह्या वेळी त्यांच्या आधी पोचले होते. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू, यशोधनच्या जन्मानंतर तसा झाला नसेल.

वैभवनं शब्द पाळला. दुपारच्या आत प्राणिमित्र संस्थेची आकांक्षा म्हणून एक मुलगी आणि तिचे दोघं सोबती आले. टोपलीला जाळं लावून ते विहिरीत सोडायचं, तळाशी ठेवायचं आणि कासव आपणहून वर चढेपर्यंत वाट बघायची, अशी त्यांची रीत. घाई चालत नाही. टोपलीत सुके बोंबील ठेवले होते. ह्यांनी मला हळूच सांगितलं, "थोडा भात टाक." मी वरून चार शितं टाकली. तास दीड तास टॉर्च आत जळत होता. "काका, एवढा वेळ आमचे टॉर्च टिकत नाहीत, तापून बंद पडतात," आकांक्षा म्हणाली. "कोणत्या कंपनीचा?"

"हॉकिन्सचा," मी म्हटलं. डबे त्याच कुकरचे होते. तिला कळलं नाही, पण हे हसले.

टोपली वर आली तेव्हा सगळी वाडी पुन्हा गोळा झाली होती. कासवानं मान, पाय सगळं आत ओढून घेतलं होतं. कट्ट्यावर उन्हात ठेवलं तर काळा दगड वाटावा. आकांक्षानं ओला कपडा घातला आणि म्हणाली, तपासून झालं की चांगल्या तळ्यात सोडू. हे जवळ गेले, उकिडवे बसले आणि पाठीच्या कडेवरचं शेवाळं अंगठ्यानं पुसायला लागले. शेवाळं निघालं तसे बारीक ठिपके दिसायला लागले. बरीचशी अक्षरं झिजली होती. पहिलं होतं, शेवटचं होतं, मधली कुठे कुठे.

"आहे हां काका," हितेंद्र म्हणाला. "नाव आहे."

लोक पुढे वाकले, बघितलं, आपापसात कुजबुजले. मला वाटलं, आता हे वर बघतील, सगळ्यांकडे, एकदा तरी. ज्यांनी हसून घेतलं त्यांच्याकडे तरी. पण ह्यांनी त्या ठिपक्यांवर अंगठा ठेवला होता आणि तो तिथून हलवला नाही.

"बाई," ते आकांक्षाला म्हणाले, "हे नाव घासून काढता येईल का?"

ती गोंधळली. "त्याचा त्याला काही त्रास नाही काका. असू दे की. आठवण."

"त्याला त्रास नसेल," हे म्हणाले. "पण तिकडे तळ्यात बाकीच्यांवर नसणार ना कोणाचं."

तिनं ओला कपडा सारखा केला. मग म्हणाली, "घासायला नको. झिजतंय आपलं आपण. थोडी वर्षं आणखी."

हे विचारात पडले. मग मान हलवली.

"चालेल," म्हणाले.

टोपली गाडीत ठेवताना कासवानं मान थोडीशी बाहेर काढली होती. उन्हाला डोळे मिटून घेतले होते. गाडी वाडीच्या तोंडाशी वळली आणि नाक्यावरच्या गर्दीत गेली. हे हात वर करून उभे होते, मग तो हात त्यांनी डोक्यावरून फिरवला आणि खाली घेतला.

लोक हळूहळू घरी गेले. वैभव आला आणि म्हणाला, "सर, सोमवारी सुरू करतो मग," आणि ह्यांनी "हो, हो" म्हटलं. हंडा काढायचा का म्हणून त्यानं शेवंतीबाईंना विचारलं. विहिरीकडे हात करून त्या म्हणाल्या, "नव्या जागेत खंय ठेवू? ऱ्हवांदे थंयच."

आम्ही दोघंच कट्ट्यावर राहिलो. हे दोर ओढायला लागले. विहीर परत हळूहळू काळी होत गेली, आधी भांडी, मग दगड. डबा पाण्याबाहेर आला, पाणी ठिबकत होतं. ह्यांनी बत्ता सोडवला आणि डबा माझ्या हातात दिला.

"बंद करायचाय ना?" मी विचारलं.

"करू," हे म्हणाले. "असू दे जरा."

दुपारचं ऊन कट्ट्यावर आलं होतं. त्या उन्हात तो पेटलेला आहे की विझलाय ते काही दिसत नव्हतं. पण डबा तापायला लागला होता, म्हणून मी तो पदरात धरून बसले.